भावोजींची कात्री आणि माझी गोळी

तीर्थस्वरूप भावोजी यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात आठही अंगं जमिनीला टेकवता येणार नाहीत. नुकतीच कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला नेला आहे. तेव्हा सध्या सहा अंगांचा नमस्कार स्वीकारावा, बाकीची दोन बरी झाली की मागाहून पाठवतो.) आपण, ताई आणि घरची मंडळी खुशाल असाल अशी आशा करतो. इकडेही सगळे ठीक आहेत. म्हणजे माझ्याखेरीज सगळे ठीक होतेच, आता मीही त्यांच्या रांगेत येऊन उभा राहिलो आहे, अगदी शेवटी, पण रांगेत. ही तुम्हाला नमस्कार सांगते. ती सध्या माझ्यावर रागावलेली आहे, तुमच्यावर त्याहून जास्त रागावलेली आहे, पण नमस्कार तिने स्वतःहून सांगितला, हे तिच्या खाती जमा धरावं.

माझ्या आजाराचं नाव तुम्हाला माहीत आहे. रक्ताचा कर्करोग, आणि त्यातलाही तो अंगावर धावून येणारा. डॉक्टरांनी ‘हा फार भरभर वाढतो’ असं सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटेना. आपल्या घराण्यात कुणी कधी काही भरभर केल्याचं ऐकिवात नाही. माझं लग्न ठरायला आठ वर्षं गेली, बढतीला त्याहून जास्त, आणि पहिल्यांदाच काहीतरी झपाट्याने झालं तर ते हे. मग ते सलाइनमधून औषध सोडणं, केस जाणं, भिंतीकडे तोंड करून पडणं, हे सगळं तुम्ही येऊन पाहून गेलात. (तुम्ही आणलेली लोकरी टोपी अजून वापरतो. ती डोळ्यांवर येते, पण त्या दिवसांत बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच.) एवढं होऊन आजार थोडा मागे हटला आणि पुन्हा दार ठोठावू लागला. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करवली आणि म्हणाले, तुमच्या आजारी पेशींत एक ठरावीक बिघाड आहे, आणि नेमक्या त्याच बिघाडावर एक गोळी आहे. सरसकट सगळ्यांना झोडपणारी नव्हे, गुन्हेगार ओळखून त्याचीच मानगूट धरणारी. ती लागू पडली तर बरंच काही होईल. नाही पडली तर बघू. हे ‘बघू’ त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी ओळखतो. एकोणतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात नोकरी केली आहे. आम्हीही ‘बघू’ असंच म्हणतो, आणि आम्हाला काय म्हणायचं असतं ते आम्हालाच माहीत असतं.

आता गोळी म्हणजे काय, कागदावर लिहून देतील, खिडकीतून घेऊ, पाण्याबरोबर गिळू, असं मला वाटलं. औषधवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? डॉक्टरांचं अक्षर वाचू शकणारा जगातला एकमेव माणूस. त्यापलीकडे त्याला काही येत असेल असा संशयही आपल्याला कधी आला नाही. पण इथे खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी पाहिली, गोळी दिली नाही, आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खोली जिन्याखाली आहे. छप्पर तिरकं, त्यामुळे उंच माणूस आत शिरला की आपोआप नम्र होतो. दोन खुर्च्या, एक टेबल, हात धुवायचं बेसिन, आणि भिंतीवर माणसाच्या यकृताचं एवढं मोठं चित्र की आधी मला तो एखाद्या देशाचा नकाशा वाटला. टेबलामागे रुग्णालयाच्या औषधतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. वय माझ्याहून दहाएक वर्षांनीच कमी असेल, तरी मला काका म्हणाल्या. (आजारपणात केस जातात, वजन जातं, वाढतं ते फक्त वय.) मी त्यांना मनातल्या मनात फौजदार म्हणू लागलो. आता तोंडावरही म्हणतो आणि ‘अहो’ही सोडून दिलं आहे. ती रागावत नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारते.

भावोजी, प्रश्न. मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले ते उत्तर मिळू नये म्हणून. ही बाई उत्तर मिळेपर्यंत विचारते. सकाळी किती वाजता उठता, उठल्यावर पहिलं काय तोंडात जातं, दात कशाने घासता, सर्दी झाली तर काय घेता, झोप नाही आली तर काय घेता, शेजाऱ्यांनी काही चांगलं म्हणून दिलं तर घेता का. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी आजवर काही चांगलं दिलेलं नाही. ती हसली नाही, लिहून घेतलं. मग म्हणाली की पुढच्या खेपेला घरात जे जे तुमच्या पोटात जातं किंवा अंगाला लागतं ते सगळं पिशवीत घालून आणायचं. सगळं म्हणजे सगळं. हिने ते परीक्षेसारखं मनावर घेतलं. नवी पिशवी आणली. त्या पिशवीतून फौजदाराच्या टेबलावर काय काय ओतलं गेलं म्हणता. खोकल्याचं औषध (ते बाटलीतच वाळून खडक झालेलं), ताकदीच्या गोळ्या, आणखी ताकदीच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब, ही मला सकाळी देते त्या काढ्याची पूड, टूथपेस्ट, आणि माझा एक मोजा. मोजा कसा आला कुणालाच सांगता येईना. फौजदाराने तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, गिळत नसाल तर माझी हरकत नाही. तिला विनोद करता येतो हे त्या दिवशी कळलं. ती तो वाया घालवत नाही इतकंच. पाचेक वस्तू तिने तिथेच बाद केल्या. मोठ्या डॉक्टरांनीच दिलेलं एक पित्ताचं औषधसुद्धा तिला खटकलं. तिने माझ्यादेखत त्यांना फोन लावला, ‘सर, हे याच्याबरोबर नको, दुसरं लिहा’ म्हणाली, आणि डॉक्टरांनी दुसरं लिहिलं. ज्या माणसासमोर आम्ही सगळे हात बांधून उभे राहतो, त्यांना ही बाई खुर्चीतून न उठता सांगते. मला तिच्याबद्दल आदर तिथपासून वाटू लागला. भीती आधीपासून होती.

गोळी काय करते तेही तिनेच समजावलं. म्हणाली, तुमच्या आजारी पेशीच्या दारावर एक घंटा आहे. तिचं बटण अडकून बसलंय, त्यामुळे ती सारखी वाजतेय, आणि घंटा वाजली की आतली मंडळी कामाला लागून नव्या पेशी बनवत सुटतात. ही गोळी त्या बटणाची तार काढते. बस. घर पाडत नाही, शेजारची घरं तर नाहीच नाही. मला एकदम पटलं. (बटण अडकल्याची तक्रार आमच्या विभागाकडे आली असती, तर आम्ही आधी ही घंटा आमच्या हद्दीत येत नाही असं कळवलं असतं.) मग तिने नियम सांगितले. रोज त्याच वेळेला घ्यायची, कुटायची नाही, चावायची नाही, उलटी झाली तर पुन्हा दुसरी घ्यायची नाही, पपनस नावाचं फळ डोळ्यांनीसुद्धा बघायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिला विचारल्याशिवाय तोंडात काहीही टाकायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

इथून पुढचा मजकूर ताईला मोठ्याने वाचून दाखवू नये.

गोळ्या सुरू झाल्या आणि पहिले काही आठवडे बरे गेले. रक्ताचे आकडे हळूहळू माणसात येऊ लागले. आणि तेवढ्यात मला खाज सुटली. कुठे ते मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, कागदावर पुन्हा लिहीत नाही. नुसती खाज नव्हे; बसलं की खाज, उभं राहिलं की खाज, आणि कुणी भेटायला येऊन ‘आता कसं वाटतंय’ असं हळवेपणाने विचारू लागलं की दुप्पट खाज. हिला सांगायचं तर ती पिशवी काढणार. फौजदाराला सांगायचं तर ती ‘नेमकं कुठे’ विचारणार आणि लिहून घेणार. माणूस मरणाला तोंड देऊ शकतो, भावोजी, पण काही गोष्टी बाईमाणसाला सांगताना त्याची जीभ टाळ्याला चिकटते. कर्करोगाबद्दल मी चारचौघांत बोलतो, व्याख्यान दिल्यासारखा बोलतो. गजकर्णाबद्दल मी मौन पाळलं.

आणि मग, अर्थातच, मी तुम्हाला फोन केला. आपल्या घरात कुणी दुसरं करतंच काय? तुमचा तो पत्र्याचा डबा म्हणजे तीन पिढ्यांचा आधार आहे. कुणाचंही औषध उरलं की ते तुमच्याकडे येतं, आणि कुणाचंही काही दुखलं की ते तुमच्याकडून जातं. औषध फेकणं म्हणजे पाप, हे मी तुमच्याच तोंडून ऐकत मोठा झालो. शिवाय तुमची पद्धत. गोळ्यांच्या पट्टीवरचा नावाचा भाग कात्रीने कापून टाकायचा, कारण नावं वाचून लोक उगाच घाबरतात, आणि उरलेली पट्टी पाकिटात घालून वर साध्या शब्दांत लिहायचं: ‘पोट’, ‘डोकं’, ‘पाठ (वाकल्यावर)’, ‘पाठ (न वाकता)’. जगातली सगळी औषधविद्या तुम्ही अशी पाच-सात पाकिटांत आणून बसवली आहे. मला चार दिवसांत ‘खाज’ असं लिहिलेलं पाकीट आलं. आत नाव नसलेल्या कॅप्सूल आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: दोन वेळा, कुणाला सांगू नये. मी कुणाला सांगितलं नाही. पाकीट मोज्यांच्या खणात ठेवलं. (पिशवीत गेलेल्या त्या मोज्याच्या जोडीदाराच्या आत.) आणि एक कबूल केलं पाहिजे, भावोजी. खाज गेली. आठवडाभरात गेली. त्या आठवड्याइतका तुमच्याबद्दल आदर मला पूर्वी कधी वाटला नव्हता, आणि पुढेही इतका वाटेल असं सध्या दिसत नाही.

मग नेहमीच्या तपासणीत छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. तो काढणारा तंत्रज्ञ एरवी शीळ घालत असतो, तो मध्येच थांबला. आलेखात ठोक्याच्या दोन खुणांमधलं अंतर नको तेवढं वाढलं होतं. मला समजलं ते एवढंच, की हे अंतर असंच वाढत राहिलं तर हृदय कधीतरी ताल चुकेल, आणि ते एकदा ताल चुकलं की समेवर येईलच याची खात्री नाही. शिवाय रक्तातल्या चांगल्या पेशीही एकदम खाली आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी गोळी ताबडतोब थांबवली. चष्मा काढून पुसत म्हणाले, कधी कधी काहींना ही गोळी सोसत नाही. पुन्हा सुरू करून पुन्हा असंच झालं तर कायमची बंद करावी लागेल. मग दुसरं काही बघू. पुन्हा तेच ‘बघू’. घरी यायला रिक्षा केली. एरवी ही रिक्षावाल्याला रस्ता सांगते, सिग्नलला सूचना करते. त्या दिवशी रिक्षावाला स्वतःच्या मनाने आला, आणि चुकीच्या गल्लीतून आला, तरी ती गप्प.

फौजदाराला मात्र हे पटलं नाही. तिचं म्हणणं, ही गोळी असं करू शकते, पण एवढ्या डोसाला, इतके आठवडे सुरळीत गेल्यावर, असं एकाएकी नाही. काहीतरी तिसरं घरात शिरलंय. तिने डॉक्टरांकडून थोडे दिवस मागून घेतले आणि आम्हाला पिशवी घेऊन बोलावलं. आता, ती बाई हुशार आहे, पण देव नव्हे. तिने पहिला घाव घातला तो हिच्या काढ्यावर. त्या पुडीत काय काय आहे, कुणी सांगितली, किती उकळता, रंग कसा येतो. ही आधी शांतपणे सांगत होती. मग तिचा आवाज चढला. मग ती म्हणाली की माझ्या काढ्यावर माझ्या सासऱ्यांनी नव्वदी गाठली. फौजदार म्हणाली, त्यांना ही गोळी चालू नव्हती. हिने पूड उचलून पर्समध्ये टाकली आणि त्या दिवसापासून मला सकाळी साधं गरम पाणी मिळू लागलं, तेही आदळून. आणि मी? मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या यकृताकडे बघत होतो. खरं सांगायचं तर तुमच्या पाकिटाचा मला संशयसुद्धा आला नाही. खाजेचं औषध ते, त्याचा रक्ताशी काय संबंध? खाज कातडीवर, कर्करोग हाडात, मध्ये एवढं अंतर. दोन वेगळे विभाग. आमच्याकडे तर एका विभागाचा कागद दुसऱ्यात जायला हंगाम लोटतो.

गोळी थांबली, काढाही बंद झाला, तरी आलेख सुधारला नाही. (का सुधारेल? मी पाकीट इमानेइतबारे चालू ठेवलं होतं. खाज परत येऊ नये म्हणून अजून थोडे दिवस, असा माझा स्वतःचा वैद्यकीय निर्णय होता.) पुन्हा जिन्याखालची खोली. पुन्हा पिशवी. फौजदाराने एकेक वस्तू उचलून पाहिली, परत ठेवली, आणि हिला सांगितलं की वरच्या मजल्यावरून कालचा रक्ताचा अहवाल घेऊन याल का. अहवाल तिच्या समोरच्या पडद्यावर होता. मला तो खुर्चीतून दिसत होता. ही गेल्यावर तिने दार लोटलं, पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघितलं, की तक्रार विभागात शिकलेली सगळी उत्तरं मी एकदम विसरलो.

‘काका, गेल्या महिन्यात तुम्ही या खुर्चीत कलून बसायचात. आता सरळ बसता. काहीतरी झालं होतं, ते बरं झालंय, आणि ते आपोआप झालेलं नाही.’

मी म्हटलं, मगजाच्या आधीच्या तपासणीत कमरेत सुई टोचली होती म्हणून तसा बसायचो.

‘सुई डाव्या बाजूला टोचली होती. तुम्ही दोन्ही बाजूंनी चुळबुळ करायचात. हे बघा, कुठे खाजत होतं ते मला सांगू नका. काय घेतलंत तेवढं सांगा.’

भावोजी, माणसाला क्षमा केली तर तो एवढा हलका होत नाही, जेवढा अर्धा प्रश्न माफ केला तर होतो. मी सगळं सांगितलं. पाकीट, मोज्यांचा खण, दोन वेळा, कुणाला सांगू नये. दुसऱ्याच दिवशी पाकीट तिच्या टेबलावर होतं. (हिला तोवर सगळं समजलं होतं. तिने मोज्यांच्या खणाबद्दल जे उद्गार काढले ते मी इथे देत नाही. त्यात तुमचाही उल्लेख होता.) फौजदाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली. नाव कापलेलं. ती म्हणाली, हे कुणी केलं. मी म्हटलं, भावोजींनी. ती म्हणाली, का. मी म्हटलं, लोक घाबरू नयेत म्हणून. मग तिने हातमोजे घातले, एक कॅप्सूल दोन्ही बाजूंनी धरून उघडली आणि पांढऱ्या कागदावर ओतली. आत पूड नव्हती, मोहरीहून बारीक मणी होते. तिने ते मणी पाहिले आणि मला तिच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं, गळाला मासा लागल्यावर दिसतं तसं. पण अंदाजावर ती थांबणारी नाही. तिने मला ताईला फोन लावायला लावला. ताई म्हणाली की तुम्ही पट्ट्यांवरची कापलेली नावं टाकून देत नाही, त्यांचंही एक पाकीट आहे आणि त्यावर ‘नावं’ असं लिहिलेलं आहे. हे ऐकल्यावर फौजदाराने डोळे मिटून घेतले. तुम्ही त्या वेळी दुपारची झोप घेत होतात. ताईने तुमच्या डब्यात उरलेल्या ‘खाज’च्या पट्टीला तासभर एकेक तुकडा लावून बघितला आणि तुमच्या कात्रीचा तो वाकडा काप नेमका जुळला. बुरशीवरचं औषध. फौजदाराने मण्यांवरून सांगितलं होतं तेच.

काय झालं ते तिने यकृताच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं. यकृतात एक खिडकी आहे. वापरून झालेली औषधं तिथे जमा व्हायची आणि तिथला कारकून त्यांचा निकाल लावायचा. तुमची कॅप्सूल त्या खिडकीत जाऊन बसली आणि तिने कारकुनाला बोलण्यात गुंतवलं. मागे माझ्या गोळ्यांची रांग वाढत गेली. रोज नवी गोळी आत, बाहेर एकही नाही. मी एक गिळत होतो आणि अंगात दोन-तीन फिरत होत्या, आणि गोळी थांबवली तरी आतली रांग हलेना. शिवाय ती कॅप्सूल हृदयाच्या बाबतीत स्वतःही तितकीशी साधी नव्हे. खिडकी बंद पडली की रांगेचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मला एवढंच समजत नव्हतं की ही रांग माझ्याच पोटात उभी आहे.

ती उठून मोठ्या डॉक्टरांकडे गेली. गोळी दोषी नाही, असं तिने त्यांना सांगितलं असावं, कारण ते स्वतः खाली आले, तिरक्या छपराला डोकं आपटून घेतलं, आणि म्हणाले की कॅप्सूल अंगातून पूर्ण उतरेपर्यंत थांबू, मग गोळी पुन्हा सुरू. या खेपेला ‘बघू’ म्हणाले नाहीत. आलेख सरळ आला तेव्हा तंत्रज्ञ पुन्हा शीळ घालू लागला. आधी कमी डोस, मग पूर्ण. खाजेसाठी फौजदाराने मलम दिलं, साध्या कागदी पिशवीत गुंडाळून, हिच्यादेखत, आणि ‘हे काकांच्या कातडीसाठी’ एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यासाठी मी तिला आजन्म फौजदार म्हणायला तयार आहे. हिच्या काढ्याबद्दल तिने हिची माफी मागितली. काढा अजूनही बंदच आहे, पण माफी मागून बंद आहे, आणि हिच्या हिशेबी त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गरम पाणी आता आदळलं जात नाही.

आणि परवा मगजाचा अहवाल आला. तो आणायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी वाचला, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आले. हिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की नाडी तिचीच लागत होती की माझी, सांगता येईना. ते म्हणाले, आजारी पेशी दिसत नाहीत. बरे झालात असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका, दिसत नाहीत एवढंच म्हणा. गोळी चालू ठेवायची, पुढचा टप्पा त्यावर ठरेल. आम्ही खाली जिन्याखाली गेलो. फौजदाराने अहवाल पडद्यावर आधीच वाचलेला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिला चेहरा लपवता येत नाही, ही त्या धंद्यातली मोठी उणीव आहे. ही तिच्यासमोर बसली आणि रडायला लागली. फौजदाराने तिला पाणी दिलं, आणि मग मला विचारलं की पिशवी आणलीत का. आणली होती.

तर असा वृत्तांत आहे. दिसत नाहीत. मी दिवसातून बऱ्याचदा हे वाक्य म्हणून बघतो. फार चांगलं वाक्य आहे, त्यात क्रियापदच काय ते महत्त्वाचं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही.

आपला,
सध्या सरळ बसणारा धाकटा मेहुणा

ता. क. काडीचाही राग नाही असं वर लिहिलं आहे ते हिने शेजारी बसून लिहवून घेतलं. राग होता. काडीपेक्षा बराच मोठा, साधारण दंडुक्याएवढा. पण ज्या माणसाने खाजेबद्दल एकही प्रश्न न विचारता पाकीट पाठवलं, त्याच्यावर फार दिवस रागावता येत नाही. त्याने एखादा तरी प्रश्न विचारायला हवा होता, हा मुद्दा वेगळा.

ता. क. दुसरा. खरं पत्र इथून सुरू होतं. परवा पिशवी तपासून झाल्यावर फौजदाराने शेवटी विचारलं, ज्यांनी हे पाठवलं ते स्वतः काय काय घेतात. मी अभिमानाने सांगितलं की रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, कधी चुकवत नाहीत, आणि खाज आली की याच कॅप्सूल, त्यांच्याकडे साठा आहे. तिचा चेहरा बदलला. तिने विचारलं, त्यांचे पाय दुखतात का, मांड्या, पोटऱ्या, जिना चढताना. मला माहीत नव्हतं. ताईला विचारलं तर ती म्हणाली, महिनाभर कठडा धरून चढताहेत, वय झालं म्हणतात. भावोजी, ते वय नसावं. यकृतातली खिडकी तीच आणि कारकूनही तोच, फक्त या खेपेला रांगेत तुमची कोलेस्टेरॉलची गोळी उभी आहे, आणि ती साचली की स्नायू झिजवते, पुढे मूत्रपिंडापर्यंत जाते. हेच सांगायला मी फोन केला तर तुम्ही ‘तू विश्रांती घे’ म्हणून ठेवून दिलात. ताई बोलली तर हसलात. म्हणून हे पत्र, आणि मजेचा भाग आधी लिहिला तो एवढ्यासाठी, की तुम्ही इथवर वाचावं. कॅप्सूल आता डब्यात नाहीत, शोधू नका, ताईने काढून नेल्या आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं स्वतः ठरवू नका. आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही औषधांची नावं सांगा (ती ‘नावं’ या पाकिटात आहेत), आणि स्नायूंची रक्ततपासणी करून घ्या. लघवीचा रंग गडद होतोय का, हेही फौजदाराने विचारलंय. तुम्हाला ते मला सांगायला लाज वाटेल. तिला सांगा. अशी लाज ऐकून घेण्यात तिचा हातखंडा आहे.

ता. क. तिसरा. तिचा फोन नंबर या पत्राच्या पाकिटाच्या मागे लिहिला आहे. पत्र वाचून झालं की मला फोन करू नका, आधी तिला करा, मग डॉक्टरांना. आपण दोघं सावकाश बोलू. मला आता वेळ आहे.